लेकीचं गाव किती घंटे लांब?



पूर्वी लेक भंडाऱ्याला दिली की आई म्हणायची, "जवळच आहे, सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला पोचतो." पुण्याला दिली की म्हणायची, "एक रात्र गाडीत काढली की झालं." आपण बायकांनी अंतर कधी मैलांत मोजलंच नाही. जेवणांत मोजलं, रात्रींत मोजलं, डब्यात किती पोळ्या बांधायच्या त्यावर मोजलं. आणि तेच बरोबर होतं. कारण घर सोडून जाणाऱ्या बाईला किलोमीटरशी काय करायचंय? किती वेळ लागणार आणि वेळेवर पोचणार की नाही, एवढंच तिला हवं असतं.

आता मात्र लेकी-सुना सॅन फ्रान्सिस्कोला, न्यू यॉर्कला, लंडनला आणि सिडनीला नांदतात. आमच्या कामठीसारख्या गावातूनसुद्धा, एरवी नागपूरच्या पलीकडे फारशा न गेलेल्या काकू-मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी सातासमुद्रापार निघतात. गेल्या महिन्यात शेजारच्या काकू अशाच तिकिटाचा कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बाई, पोरगी म्हणते सोळा घंटे लागतात. अन् तिकिटावर तं तीनच घंटे दिसून राहिले. खरं कोणाचं?"

मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. पण हा प्रश्न पुष्कळ घरांतला आहे, म्हणून आज तोच घेऊ या.

आधी अंतर बघू. भिंतीवरच्या सपाट नकाशावर दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पट्टीनं रेघ मारली, तर ती उत्तर आफ्रिकेवरून, अटलांटिक समुद्रावरून, सगळी अमेरिका ओलांडून जाते. खरं जवळचं अंतर ते नव्हे. पृथ्वी गोल आहे, हे आपण परीक्षेत लिहितो आणि विसरतो. एक संत्रं घ्या, नागपुरात राहून त्याला काय तोटा! त्याच्या देठाला उत्तर ध्रुव माना. मधल्या घेरापासून थोडं वर एक टाचणी टोचा, ती आपण. जवळजवळ पाठीमागच्या बाजूला, आणखी थोडी वर, दुसरी टोचा, ती सॅन फ्रान्सिस्को. आता दोन्हींमध्ये दोरा ताणून धरा. दोरा आडवा जाणार नाही, तो देठाजवळून जाईल. म्हणजे हिमालय आणि सैबेरिया ओलांडून, ध्रुवाच्या जवळून, पलीकडे अमेरिकेत उतरेल. हा ताणलेला दोरा म्हणजेच जवळचं अंतर. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को ते सुमारे १२,४०० किलोमीटर भरतं. मुंबई ते न्यू यॉर्क साधारण १२,५००, मुंबई ते लंडन सुमारे ७,२००, आणि आपलं नागपूर ते मुंबई सातशेला थोडं कमी. आगगाडीनं हेच नागपूर-मुंबई ८३७ किलोमीटर होतं, कारण रुळांना वळणं असतात.

एक गोष्ट मुलांना सांगते, ती तुम्हांलाही सांगते. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटरचा. म्हणजे जगातलं कोणतंही गाव आपल्यापासून २०,००० किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाही. त्यापुढे गेलात की परत जवळ येऊ लागता. लेक कितीही लांब गेली तरी या हिशेबाबाहेर जात नाही.

आता वेळ. मोठं विमान तासाला नऊशे किलोमीटरच्या आसपास जातं. चढण्या-उतरण्यात वेग कमी असतो. म्हणून घरगुती हिशेब असा ठेवा: किलोमीटरला ८५० नं भागा आणि वर अर्धा तास मिळवा. मुंबई-लंडन नऊ तास आले. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को पंधरा तास आले. ताळ्याला ताळा जुळतो.

पण हा हिशेब स्वयंपाकातल्या मिठासारखा आहे, चव घेऊन कमी-जास्त करावा लागतो. त्याचं कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. हिवाळ्यात तो तासाला दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. विमान त्याच्यासोबत निघालं तर पाठीवर हात ठेवून कोणी ढकलावं तसं पुढे जातं, उलट निघालं तर रेटा द्यावा लागतो. म्हणून दिल्लीहून टोकियोला जाताना साडेसात-आठ तास, तर त्याच वाटेनं परत यायला साडेनऊ-दहा तास लागतात. आमच्या कामठीच्या ड्रॅगन पॅलेस बुद्धविहारात जपानी यात्रेकरू येतात. त्यांच्या येण्याच्या वाटेपेक्षा जाण्याची वाट अशी दीड-दोन तासांनी आखूड असते. हा पृथ्वी फिरण्याचा परिणाम नव्हे बरं का. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरतेच. धावत्या गाडीत चेंडू वर उडवला तर तो आपल्याच हातात पडतो, मागच्या डब्यात जात नाही, तसंच हे.

याची एक मजेदार साक्ष आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान २०१५ च्या डिसेंबरात सुरू झालं, तेव्हा ते अटलांटिकवरून जायचं. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. २०१६ च्या ऑक्टोबरात त्यांनी ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. ती वाट १५,३०० किलोमीटरची, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. पण वारा पाठीशी होता, म्हणून साडेचौदा तासांत पोचले, आधीच्या वाटेपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर! जवळची वाट लवकरची असतेच असं नाही. बाजारात जाताना आपण गर्दीची गल्ली सोडून वळसा घेतो, त्यातलाच हा प्रकार. आणि २०२१ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला येणारं विमान कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी वैमानिक स्त्रियांनी उत्तर ध्रुवावरून आणलं. चालक जागेवर सगळ्या बायकाच होत्या. संत्र्यावरच्या देठाजवळून दोरा जातो तो असा.

वाऱ्यासारखंच राजकारणही वेळ वाढवतं. २०१९ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना बंद झालं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा पडला. २०२५ साली अमेरिकेची काही विमानं इंधनासाठी व्हिएन्नाला उतरवावी लागली. म्हणून गेल्या वर्षी कोणी गेलं होतं तेव्हा किती तास लागले, यावर विसंबू नका. आपल्या तिकिटाचे तास नव्यानं विचारा.

आता काकूंचे तीन तास. तिकिटावर निघण्याची वेळ दिल्लीच्या घड्याळाची आणि पोचण्याची तिथल्या घड्याळाची छापतात. पहाटे ४ ला निघून त्याच दिवशी सकाळी ७ ला पोचणार, असं लिहिलेलं असतं. पण उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. ते तीन तासांत मिळवा, म्हणजे साडेपंधरा तास होतात. काकूंची लेकही खरी आणि तिकीटही खरं. सूर्य दर अंशाला चार मिनिटं उशिरा येतो. मुंबईत आपल्यापेक्षा साधारण पंचवीस मिनिटं उशिरा, मग अमेरिकेचं काय विचारता!

एक खूण लक्षात ठेवा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोशी आपलं अंतर उन्हाळ्यात साडेबारा तास आणि हिवाळ्यात साडेतेरा. न्यू यॉर्कशी साडेनऊ आणि साडेदहा. आपल्या रात्री नवाला सॅन फ्रान्सिस्कोला सकाळचे साडेआठ किंवा साडेसात वाजलेले असतात. लेकीला फोन करायची वेळ ठरवताना हे धरा, नाहीतर तिची मीटिंग आणि तुमची झोप, दोन्हींचं खोबरं.

आता खरा हिशेब, घरच्या उंबऱ्यापासून लेकीच्या उंबऱ्यापर्यंतचा. कामठीहून नागपूर शहर ओलांडून सोनेगावच्या विमानतळापर्यंत एक तास. तिथे दोन तास आधी हजर. दिल्लीपर्यंत पावणेदोन तास. दिल्लीत सामान, पासपोर्ट, तपासणी आणि थांबणं मिळून पाच तास धरा, त्याहून कमी धरू नका. मग सोळा तास. तिकडे उतरल्यावर पासपोर्टची रांग आणि सामान दोन तास. लेकीच्या घरापर्यंत एक तास. बेरीज करा: जवळजवळ एकोणतीस तास! लेक "सोळा तास" म्हणते ते फक्त खुर्चीत बसायचे. बांधाबांध मात्र एकोणतीस तासांची करायची.

नागपूरहून दोहा आणि शारजालाही थेट विमानं सुरू झाली. त्या वाटेनं मुंबई-दिल्ली टळते. ती कोणत्या वारी आहेत ते तिकीट काढतानाच विचारून घ्या. कोणत्याही वाटेनं जा, पण नागपूरपासून शेवटच्या गावापर्यंत एकच तिकीट काढा. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात खरी, पण पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं तर जबाबदारी कोणाचीच राहत नाही. शिवाय देशातल्या विमानात बहुधा पंधरा किलो सामान चालतं आणि अमेरिकेच्या तिकिटावर तेवीस किलोची एक किंवा दोन बॅगा. तिकिटं वेगळी असली की नागपुरातच बॅग उघडून लोणच्याच्या बरण्या काढायची पाळी येते.

बाळंतपणाला निघायचं कधी? डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात पाचसुद्धा नसतात. सदतिसाव्या आठवड्यापासून बाळ कधीही येऊ शकतं. त्यातच दिवस-रात्र उलटी झाल्यावर शरीराला नवं वेळापत्रक लागायला आठवडा तरी जातोच. भर दुपारी डोळा लागतो आणि रात्री दोनला भूक लागते. आदल्या दिवशी पोचलेली आजी बाळाला घेईल की स्वतः झोपेल? म्हणून तीन-चार आठवडे आधी पोचणं बरं. आणि व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईला जावं लागतं, तिची तारीख मिळायला कधी महिने लागतात. गोड बातमी कळल्याबरोबर पासपोर्ट काढून त्याची मुदत बघा. डोहाळजेवणाची साडी नंतर घेता येईल.

थोडं सामानाचं. पिण्याचं आणि पातळ काही हातातल्या पिशवीत शंभर मिलिलिटरच्या वर नेता येत नाही, म्हणून लोणचं मोठ्या बॅगेत घाला. अख्खं सुकं खोबरं मात्र आपल्याकडच्या विमानात बॅगेतही नेऊ देत नाहीत. ते तेलकट असल्यामुळे पेट घेऊ शकतं. डिंकाच्या लाडवांचं खोबरं तिकडेच घ्या. ताजी फळं आणि बियाणं अमेरिकेत चालत नाही, तेव्हा संत्री इथेच खाऊन जा! खाण्याचं जे न्याल ते विचारल्यावर सरळ सांगा. लपवलं तर दंड होतो.

आणि आपल्या जिवाचं. विमानाच्या आत हवा दाबून भरलेली असते, तरी ती १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असते तेवढी विरळ राहते. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरचं. म्हणजे त्याहून उंच जागी तुम्ही सोळा तास बसणार. घसा कोरडा पडतो, पोट फुगतं, पाय सुजतात. पाणी पीत राहा. "सारखं उठावं लागेल" म्हणून पाणी टाळणं ही आपली जुनी सवय, ती घरीच ठेवा. चार तासांच्या वरच्या बसण्यानं पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, म्हणून दर तास-दीड तासानं उठून चाला, बसल्या जागी टाचा वर-खाली करा. पूर्वी गाठ झाली असेल, शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डॉक्टरांना विचारूनच निघा. रक्तदाबाची, साखरेची औषधं चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा. इन्सुलिन कधीही खालच्या सामानात देऊ नका, तिथल्या थंडीनं ते गोठून निकामी होऊ शकतं. गोळ्या कोणत्या घड्याळानं घ्यायच्या, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागा. त्यात लाज कसली? ती सोयच त्यासाठी आहे.

आता जरा जड विषय. पण तो टाळून चालणार नाही.

हे एकोणतीस तास जाताना लागतात तसेच येतानाही लागतात. घरात कोणी अत्यवस्थ झालं आणि तिकडे फोन गेला, तर त्या मुलीला तिकीट शोधायला, सुटी सांगायला, परतीच्या व्हिसाचे कागद बघायला, बॅग भरायला आठ-दहा तास जातात. म्हणजे फोन वाजल्यापासून ती आपल्या दारात येईपर्यंत चाळीस तास. आणि हे सगळं सुरळीत झालं तर!

आपण काय करतो? नवऱ्याला दवाखान्यात भरती केलं की म्हणतो, "पोरीला सांगू नका, उगाच घाबरेल. इतक्या लांब काय करणार बिचारी?" दुसरा दिवस जातो, तिसरा जातो. मग डॉक्टर मान हलवतात तेव्हा फोन होतो. आमच्या ओळखीच्या एका घरी असंच झालं. मुलगी निघाली, पण पोचली ती वडिलांना नेल्यानंतर. आई आजही म्हणते, "तिचा जीव सांभाळायला गेलो अन् तिचं शेवटचं बघणं घालवलं." दोष कुणाचा काढायचा? माया होती, हिशेब नव्हता.

म्हणून माझं सांगणं एवढंच: भरती केल्याच्या दिवशीच कळवा. घाबरवू नका, पण लपवूही नका. "आज भरती केलं आहे, डॉक्टर असं असं म्हणतात, अजून निघायची गरज दिसत नाही, पण पासपोर्ट हाताशी ठेव." एवढी चार वाक्यं पुरतात. निघायचं की नाही, हे तिचं तिला ठरवू द्या. ती शिकली-सवरली आहे, आपल्या घराचा हिशेब तिला कळतो. आणि वाईट वेळ आलीच तर थांबायचं का, किती थांबायचं, हे घरातल्या मोठ्यांनी सगळे धडधाकट असतानाच एकदा बोलून ठेवावं. शवपेटीची सोय शहरात असते. थांबता येतं. पण काही घरी थांबणं नको असतं, त्यांचंही चूक नाही. मात्र ते आधी ठरलेलं असलं की रडत्या घरात वाद होत नाहीत आणि लांबच्या लेकीला जन्मभर "माझ्यासाठी थांबले का नाहीत?" असं वाटत नाही.

कुणी म्हणेल, विमानं आली तरी दूर ते दूरच. तसंही नाही हो. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि ४ जूनला न्यू यॉर्कला पोचल्या. जवळजवळ दोन महिने! त्यांच्या पत्रालाही असेच आठवडे लागत. एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान ८ जून १९४८ ला मुंबईहून निघालं ते कैरो, जिनिव्हा करत १० जूनला लंडनला उतरलं. आणि आपल्या नागपूरचं म्हणाल, तर १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही दिशांची विमानं मध्यरात्री नागपुरात येऊन टपालाच्या थैल्या बदलत आणि परत जात. संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी पोचतं, याचंच त्या वेळी केवढं अप्रूप! त्या मानानं आपण सुखी. आवाज क्षणात पोचतो, माणूस दीड दिवसात.

तेव्हा या रविवारी एक काम करा. एका कोऱ्या कागदावर लिहा: लेकीच्या गावाचं घड्याळ आपल्यापेक्षा किती मागे, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात. उंबरा ते उंबरा किती तास. तिच्या शेजारणीचा किंवा मैत्रिणीचा नंबर, कारण तिचा फोन लागला नाही तर कुणाला विचारणार? तुमच्या पासपोर्टची मुदत. तिच्या पासपोर्टची मुदत. हा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि त्याचा फोटो तिलाही पाठवा. काकूंनी चिकटवला आहे, आणि त्यांचं विमान पुढच्या महिन्यात आहे.

तुमच्या वाटेतल्या अडचणी कळवा. त्यांतल्या उपयोगी पडतील त्या पुढे घेऊ. पुढच्या आठवड्यात पावसाळ्यात डाळींना कीड लागू नये म्हणून काय करावं, ते पाहू.